दोशोमाचीचे औषधवाले

ओसाकातली दोशोमाची ही औषधांची जुनी पेठ. १७८१ साली ३२ वर्षांच्या ताकेदा चोबेई यांनी इथेच दुकान थाटलं. जपानी-चिनी औषधांचा ठोक माल घ्यायचा आणि थोडाथोडा करून दुकानदारांना, वैद्यांना विकायचा, एवढाच धंदा. १८२२च्या कॉलऱ्यात पेठेतल्या व्यापाऱ्यांनी वाघाच्या कवटीची पूड घातलेल्या गोळ्या वाटल्या, सोबत कागदी वाघ. गोळ्या गेल्या, वाघ पेठेतल्या नोव्हेंबरच्या जत्रेत अजून मिळतो!

दुकानाच्या धन्याचं नाव पिढ्यान्पिढ्या चोबेईच राहिलं. १८७१मध्ये चौथ्या चोबेईंनी क्विनाईन हे परदेशी औषध मागवायला सुरुवात केली, १८९५मध्ये कारखाना काढला.

खरी उडी २०१९ची. त्या दुकानातून वाढलेल्या ताकेदा कंपनीने सुमारे ६२ अब्ज डॉलरना शायर ही औषध कंपनी घेतली. घराण्यातल्याच काही भागधारकांचा विरोध होता, आणि खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाचा डोंगर पाहता तो अनाठायी नव्हता. कर्ज हलकं करताना २०२१मध्ये अलिनामिन हा घरोघरी पोचलेला जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा ब्रँडही ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीच्या हवाली झाला.