दयानंद बांदोडकर : गोव्याचे पहिले मुख्यमंत्री

मुक्त गोव्याच्या राजकारणाचा पाया घालणारे नेते म्हणून दयानंद बाळकृष्ण तथा भाऊसाहेब बांदोडकर ओळखले जातात. त्यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. राजकारणात येण्यापूर्वी खाण व्यवसायात त्यांनी मोठे यश मिळविले होते. दानशूर उद्योजक म्हणून त्यांचा लौकिक होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे, या मागणीसाठी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची स्थापना झाली आणि भाऊसाहेबांकडे त्याचे नेतृत्व आले. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसची धूळधाण उडाली. स्वतः निवडणूक न लढविलेले भाऊसाहेब २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाले व पुढे पोटनिवडणुकीत मडकईतून निवडून आले. कुळे, मुंडकार आणि बहुजन समाज हा त्यांचा खरा आधार होता. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, तर खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांनी पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर राहिलेल्या घरांत शिक्षण पोहोचविले.

विलीनीकरणाचा प्रश्न अखेर जनमत कौलावर सोपविण्यात आला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा, यासाठी डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या मतदानात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. संघप्रदेश कायम राखावा, असे १,७२,१९१ मतदारांनी सांगितले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने विलीनीकरणाला कडवा विरोध केला होता.

ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला, तीच मतदारांनी नाकारली. तरीही अवघ्या अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगो पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. वेगळे अस्तित्व राखू इच्छिणाऱ्या गोव्याने राज्यकारभार मात्र त्यांच्याच हाती दिला. भाऊसाहेबांनीही कौल मान्य करून गोव्याच्या उभारणीकडे लक्ष वळविले. कला अकादमीची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. १९७० मधील पक्षांतर्गत बंड पचवून १९७२ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा सत्ता मिळविली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पणजीत मिरामार येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कुळांना जमिनीची मालकी देण्याची तरतूद झाली. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र घटक राज्य बनला. विलीनीकरणाचे स्वप्न इतिहासजमा झाले. शाळा आणि कुळांचे हक्क ही भाऊसाहेबांची देणगी मात्र गोव्याला कायमची लाभली.