बाक्सो

इंडोनेशियातील मांसगोळ्यांचा नूडल्स-रस्सा. वाडग्यात पिवळ्या नूडल्स, खिम्याचे घट्ट व लवचीक गोळे, पांगसित म्हणजे मैद्याच्या पातळ पारीतले वाँटन, थोडी पालेभाजी आणि या सगळ्यावर हाडांचा नितळ रस्सा, असे त्याचे रूप असते. नूडल्स घातलेल्या प्रकारास ‘मी बाक्सो’ म्हणतात.

इतिहास व प्रकार : दक्षिण चीनमधून जावा बेटावर येऊन वसलेल्या चिनी लोकांमुळे मांसगोळे, नूडल्स आणि वाँटन हे तिन्ही पदार्थ इंडोनेशियात रुजले. चिनी स्वयंपाकात गोळे बहुधा डुकराच्या मांसाचे असतात. इंडोनेशियातील बहुसंख्य लोक मुसलमान असल्याने तेथे गोमांस रूढ झाले. जावातील सोलो, वोनोगिरी व मालांग ही ठिकाणे बाक्सोसाठी नावाजलेली आहेत. मालांगच्या वाडग्यात तळलेले पांगसित आणि टोफू हमखास असतात. आत उकडलेले अंडे भरलेला गोळा तो ‘बाक्सो तेलुर’, तर स्नायुबंधाचे तुकडे घालून खरबरीत ठेवलेला तो ‘बाक्सो उरात’. जाकार्तात बालपणीची काही वर्षे काढलेले बराक ओबामा यांनी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून २०१० मध्ये तेथे भेट दिली, तेव्हा मेजवानीतील भाषणात त्यांनी बाक्सोचे नाव घेऊन आभार मानले होते.

देवास आणि अळणी : हा पदार्थ मध्य प्रदेशातील देवासला आपल्या घरी करायचा, तर कोल्हापूरची अळणी आठवते. देवास संस्थानाच्या पवारांच्या थोरल्या पातीची कोल्हापूरशी जवळची सोयरीक होती. राजर्षी शाहू महाराजांची कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब १९०८ मध्ये तुकोजीराव पवारांशी विवाह होऊन देवासला आल्या. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसले. याच कोल्हापूरच्या मटणाच्या जेवणात आधी अळणी, म्हणजे मटणाचा बिनतिखट रस्सा, वाढतात. बाक्सोचा रस्सा हा अळणीचाच सख्खा भाऊ. दोन्हींत तिखट नसते. चव मांस-हाडांच्या अर्काची असते. अळणीत हळद व आले-लसूण पडते, बाक्सोत तळलेला लसूण, पांढरी मिरी आणि जायफळ. श्रीखंडात व पुरणात आपण घालतो ते जायफळ मुळात इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचे आहे. ज्या घरात अळणी नीट होते, तेथे बाक्सो परका वाटण्याचे कारण नाही.

घरगुती कृती : मध्य प्रदेशात २००४ चा गोवंश वध प्रतिबंध कायदा लागू असल्याने देवासला गोळे बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या मांसाचे करावे लागतात. बकऱ्याचे चांगले होतात.

रस्सा : नळीची हाडे अर्धा किलो घेऊन दोन लिटर गार पाण्यात चढवावीत. उकळी येताच वर येणारी मळी काढून टाकावी व आच मंद करून अडीच-तीन तास ठेवावे. खळखळ उकळल्यास रस्सा गढूळ होतो. शेवटी तळून ठेचलेला लसूण, मिरपूड, चिमूटभर जायफळ व मीठ घालून गाळावा.

गोळे : अर्धा किलो निवळ मांसाचा खिमा खाटकाकडून दोनदा काढून घ्यावा आणि फ्रीजमध्ये गार करावा. प्रथम दोन लहान चमचे मीठ लावून मळावे. मिठाने मांसातील प्रथिने सुटतात व तीच गोळा बांधून ठेवतात. मग शंभर ग्रॅम बर्फाचा चुरा, एका अंड्याचा पांढरा भाग, तळलेला लसूण, मिरपूड आणि पाऊण वाटी टॅपिओका स्टार्च घालावा. स्टार्च न मिळाल्यास कोरडा साबुदाणा दळून, बारीक चाळून वापरावा. तोही कसाव्याच्या कंदाचाच असतो. खिमा तळहाताला चिकटून राहीपर्यंत मळावा, पण गरम होऊ देऊ नये. खिमा तापला की गोळा भुसभुशीत होतो. मूठ आवळून अंगठा व तर्जनीमधून वर येणारा गोळा चमच्याने उचलावा व उकळीच्या जरा खाली असलेल्या पाण्यात सोडावा. गोळे तरंगू लागल्यावर आणखी पाच-सात मिनिटे ठेवून बर्फाच्या पाण्यात काढावेत.

पांगसित : मैदा, अंडे व मीठ घट्ट मळून अर्धा तास झाकावे. कॉर्नफ्लोअर भुरभुरत करंजीपेक्षाही पातळ लाटून चौकोन कापावेत. कोंबडीच्या खिम्याचे चमचाभर सारण ठेवून, कडांना पाणी लावून त्रिकोण मिटावा व दोन टोके जोडावीत. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटांत शिजतात, तळलेही जातात.

वाढणी : नूडल्स वेगळ्या शिजवाव्यात, नाहीतर त्यांच्या पिठाने रस्सा दाटतो. वर तळलेला कांदा व कोवळी सेलरी किंवा कोथिंबीर घालावी. ‘केचाप मानिस’ हा गोड सोया सॉस मिळाला नाही, तर सोया सॉसमध्ये तेवढाच गूळ घालून आटवावा. तिखट व व्हिनेगर ज्याने त्याने आपल्यापुरते घ्यावे.

दक्षता : इंडोनेशियात काही विक्रेते गोळे कडक व टिकाऊ करण्यासाठी बोरॅक्स म्हणजे टाकणखार घालत आले, खाद्यपदार्थांत त्यास तेथे बंदी आहे. घरच्या गोळ्याला त्याची गरज नाही. गार खिमा, पुरेसे मीठ आणि चांगले मळणे एवढ्यावरच उत्तम बाक्सो होतो.