एक सिलिंडर की दोन?

काटोल तालुक्यात विजेचे पंप येण्यापूर्वी संत्र्याच्या बागांत विहिरीवर ऑइल इंजिन धडधडत असे. किर्लोस्करांनी १९४६ साली ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली आणि पुढे हे यंत्र महाराष्ट्रभर शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले. तुम्हांपैकी वडीलधाऱ्यांनी ते पाहिलेच असेल. सिलिंडर एक, बाजूला मोठे जड चाक, आणि खाली बोल्टांनी आवळलेला सिमेंटचा ओटा. एवढा जामानिमा कशासाठी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नसेल.

उत्तर सोपे आहे. अशा इंजिनात दट्ट्या चार वेळा धावतो तेव्हा एकदाच इंधन पेटते. दांड्याच्या दोन फेऱ्यांत जोर एकदाच. उरलेला वेळ जड चाक आपल्या वेगावर ओढून नेते. शिवाय मागे-पुढे धावणारा दट्ट्या साऱ्या यंत्राला हिसके देतो, ते ओटा पचवतो. आता हेच यंत्र आकाशात न्यायचे म्हटले, तर ओटा कोठून आणावा? आणि जड चाक घेऊन उडावे कसे?

विमानाचा इतिहास पंखांपासून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मला विचाराल तर तो इंजिनाच्या वजनापासून सांगावा. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर माणसावाचूनचे विमान उडविले. विमान साधारण ११ किलोचे, आणि त्याचे वाफेचे इंजिन सुमारे एक अश्वशक्तीचे. ते जवळजवळ एक किलोमीटर गेले. मॉडेल विमानांच्या इतिहासात हा दिवस मोठा.

येथे शिक्षक बंधुभगिनींशी थोडे स्पष्ट बोलतो. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. तळपदे यांना या विषयाचा ध्यास होता, यात शंका नाही. परंतु त्या उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. मुलाने उठून विचारले, "गुरुजी, इंजिन कोणते होते? वजन किती?" तर त्याला गप्प बसवू नका. इतिहासाचा खरा प्रश्न तोच आहे.

दोन सिलिंडरांची गोष्ट पॅरिसला घडली. सांतोस-द्युमाँ नावाच्या ब्राझीलच्या तरुणाने १८९८ साली आपल्या पहिल्या वायुनौकेसाठी तीनचाकी मोटारगाडीचे इंजिन निवडले आणि दोन सिलिंडर एकावर एक जोडून ताकद वाढविली. इंजिन झाले सुमारे साडेतीन अश्वशक्तीचे, वजन तीस किलो. पण हादऱ्यांचे काय? पठ्ठ्याने तीनचाकी दोरांनी झाडाच्या फांदीला टांगली, वर बसला आणि इंजिन चालू केले! जमिनीवर खडखडणारे यंत्र अधांतरी बरेच शांत चालले. १९०७ च्या आपल्या चिमुकल्या विमानात त्याने दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असलेले इंजिन घातले.

ही समोरासमोरची मांडणी नीट समजून घ्या. एक दट्ट्या डावीकडे जातो त्याच क्षणी दुसरा उजवीकडे, म्हणजे हिसक्याला हिसका कापतो. चार धावांच्या इंजिनात दर फेरीला जोर मिळतो, चाकाचे ओझे घटते. (दोन्ही दट्टे अगदी एका रेषेत नसतात, म्हणून किंचित डोलणे राहतेच.)

मॉडेलांच्या छोट्या इंजिनांना आरंभी ठिणगीसाठी बॅटरी आणि कॉइल वाहून न्यावी लागे. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो-प्लग बाजारात आला. एकदा चालू झाले की प्लगची तार आपोआप तापलेली राहते, आणि ते ओझे उतरले.

मग नवशिक्याने काय घ्यावे? एन.सी.सी.च्या हवाई शाखेत मॉडेल विमाने शिकविली जातात. तेथे जाणाऱ्या मुलाला मी एक सिलिंडरच सांगेन. भाग कमी, खर्च कमी, बिघाड पटकन सापडतो. विहिरीवर जसा विजेचा पंप आला तशी लहान मॉडेलांत आता विजेची मोटर आली आहे, तीही चालेल. दोन सिलिंडर घ्यावेत ते मोठ्या, जड मॉडेलासाठी, जेथे हादऱ्यांनी सांधे सैल होण्याचे भय असते. त्यातही एक खोड आहे. कधी एक सिलिंडर मुकाट्याने बंद पडतो आणि दुसरा एकटाच ओढत राहतो. विमान उठत नाही आणि कारण कळत नाही. अशा वेळी इंजिन बंद करावे, पंखा पुरता थांबू द्यावा, आणि दोन्ही सिलिंडरांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून पाहावा. ज्यावर थेंब चुरचुरत नाही, त्याचा प्लग काढावा.