रस्त्याचा भार आणि रात्रीची झोप

अवजड वाहनांनी कोणत्या रस्त्याने जावे आणि पेठेत माल कोणत्या वेळी उतरवावा, हे विषय वरवर पाहता पोलीस खात्याच्या परिपत्रकाचे वाटतात. परंतु बेळगाव-निपाणी भागाचा इतिहास चाळला म्हणजे ध्यानात येते की, गावाचे पोट आणि गावाची झोप यांचा जुना तंटा या साध्या नियमांत सामावलेला आहे. नियमाने मालाचा भार नाहीसा होत नाही. तो एका दारातून उठतो आणि दुसऱ्या दारात जाऊन बसतो.

मोटारी येण्यापूर्वी या भागाचा व्यापार लमाणांच्या बैलांवर आणि बैलगाड्यांवर चाले. बेळगावच्या पेठेतला माल घाट उतरून वेंगुर्ले बंदरास जाई आणि बंदरावरचा माल परतीच्या वाटेने वर येई. १८८७ च्या सुमारास बेळगावास आगगाडी आली आणि हा ओघ पुष्कळसा रुळांकडे वळला. मात्र लोंढ्याहून बेळगाववरून मिरजेस गेलेल्या त्या लोहमार्गाने निपाणीला बाजूस टाकले. विडीच्या तंबाखूची एवढी नामांकित बाजारपेठ, पण तिला स्वतःचे रेल्वे स्थानक लाभले नाही. तंबाखूचे बोद वखारीबाहेर पडले की त्यांना रस्त्यावाचून गती नव्हती. आधी बैलगाडी आणि पुढे मालमोटार, हेच त्यांचे वाहन. पुणे-बंगळूर रस्त्याशी निपाणीचे दैव बांधले गेले ते असे.

त्यातच हा मुलूख हद्दींचा. बेळगावास खेटून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, म्हणजे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणारी गाडी संस्थानची हद्द ओलांडून जाई. निपाणी इंग्रजी अमलातील बेळगाव जिल्ह्यात, तर शेजारचे कागल कोल्हापूर संस्थानाकडे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने निपाणीसह बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मधली साडेसात वर्षे सोडली, तर कागल-निपाणी रस्त्यावर कोणती ना कोणती हद्द उभीच होती. एका बाजूच्या अधिकाऱ्याने वाहने वळवावीत आणि त्यांचा लोंढा दुसऱ्या बाजूच्या गावात शिरावा, हे अशा मुलखात ओघानेच येते.

गाड्यांच्या वेळांचा प्रश्न मोटारींबरोबर जन्मला, असे मात्र नव्हे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या काळातील कायद्याने रोम शहरात दिवसाच्या बहुतेक वेळी मालगाड्यांना बंदी केली. देवालयांच्या व सार्वजनिक बांधकामाच्या गाड्यांना तेवढी सूट होती. दिवसा रस्ते मोकळे झाले खरे, पण शहराला धान्य आणि लाकूड लागतच होते. गाड्या रात्री येऊ लागल्या. पुढे दीडेकशे वर्षांनी ज्युव्हेनल या उपहासकवीने अरुंद गल्ल्यांतील गाड्यांच्या कोंडीमुळे आणि जनावरे हाकणाऱ्यांच्या आरड्याओरड्यामुळे भाड्याच्या खोल्यांतील गरिबांची झोप कशी उडते, याचे वर्णन केले आहे. दिवसाची गर्दी राज्यकर्त्यांना दिसत होती. रात्रीचे जागरण ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची दाद कोणी घेतली नाही.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७४ व्या कलमाने हा अधिकार सरकारला दिला आणि १९८८ च्या कायद्यात तोच ११५ व्या कलमात आला. लोकांची सुरक्षितता व सोय किंवा रस्त्याची आणि पुलाची स्थिती पाहून विशिष्ट वाहनांना विशिष्ट रस्ता बंद करता येतो. ही बंदी एका महिन्याहून अधिक काळ राहणार असेल, तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, आणि योग्य जागी चिन्हे उभारणे हेही बंदी घालणाऱ्याचे कर्तव्य आहे. बेळगावातही अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी शहरात मज्जाव करणारे हुकूम वेळोवेळी निघाले. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या जिवाचा प्रश्न असताना अशा हुकमांची गरज कोण नाकारील?

परंतु रविवार पेठेतील किराण्याची दुकाने सकाळी उघडायची, तर माल केव्हातरी उतरलाच पाहिजे. मग अपरात्री इंजिनाची घरघर सुरू होते, फाळका धाडकन खाली पडतो, हमालांच्या हाका उठतात, आणि माडीवरचे तान्हे मूल दचकून जागे होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. त्या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री भोंगा वाजवण्यासही सार्वजनिक आणीबाणीखेरीज मनाई केली. पण खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जुन्या पेठेची बांधणी असते. तिला निवासी म्हणावे की व्यापारी? एक नियम गाडीला दिवसा येऊ नको म्हणतो, दुसरा रात्री आवाज करू नको म्हणतो, आणि दोहोंच्या मध्ये पाठीवर पोते घेतलेला हमाल उभा असतो.

भार हलवण्याचे दुसरे उपायही झाले. २०१९ मध्ये बेळगावचा घाऊक भाजीबाजार कॅम्प भागातून कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात नेण्यात आला. कॅम्पमधली पहाटेची वर्दळ उठली, ती नव्या जागेभोवतीच्या रस्त्यांवर गेली. जुना पुणे-बंगळूर रस्ता शहरातून जात असे. चौपदरी महामार्ग शहराच्या कडेने गेल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मग गोव्याकडच्या वाहतुकीसाठी हलगा-मच्छे बगलरस्त्याची योजना निघाली. तो रस्ता शहापूर-वडगाव भागातील सुपीक शिवारातून जाणार म्हणताच शेतकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. शहरवासीयाच्या झोपेची किंमत शेतकऱ्याने आपल्या भातशेतीने का भरावी, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल अडाणी हट्ट म्हणून उडवून लावण्याजोगा नाही.

रस्ता शांत झाला म्हणजे गाव सुखी झाले, असेही समजू नये. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी योग्य भावासाठी निपाणी येथे हाच महामार्ग अडवला. चाके थांबली, भोंगे थांबले. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. ज्या रस्त्याच्या आवाजाने झोप मोडते, त्याच रस्त्यावर शेतमालाला भाव मिळतो की नाही हे ठरते, याचा निपाणीला पडलेला हा धडा फार महाग होता.

आता सीमाभागाची एक खास अडचण. लाल वर्तुळातील मालमोटारीचे चित्र कोणत्याही भाषेच्या चालकास कळते. पण बंदी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि पर्यायी रस्ता कोणता, हे चित्र सांगत नाही. ते खालची पाटी सांगते, आणि ती केवळ कन्नडमध्ये असेल तर इचलकरंजीहून आलेल्या चालकाला तिचा उपयोग काय? केंद्र सरकारच्या १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात असे सुचवले होते की, जेथे अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील, तेथे सरकारी सूचना व नियम त्यांच्याही भाषेत छापावेत. येथे भाषाभिमानाचा मुद्दा क्षणभर दूर ठेवला, तरी पाळणाऱ्याला वाचता न येणारा नियम दंड वसूल करील, गल्ली शांत करणार नाही. सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात जाणाऱ्या कन्नड चालकाच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे.

तेव्हा असा हुकूम काढणाऱ्याने सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. इथून उठवलेली गाडी कुठे थांबणार? तिथे चालकाला पाणी आणि पाठ टेकायला जागा आहे काय? दिवसाची वेळ बंद केली, तर दुपारचे दोन तास उतरणीसाठी मोकळे ठेवता येतील काय? आणि ज्यांच्या दारात हा भार जाणार, त्या वस्तीला, त्या शिवाराला कोणी विचारले आहे काय? रोमच्या राज्यकर्त्यांनी हे विचारले नाही. बेळगाव आणि निपाणीच्या नगरसेवकांना, व्यापाऱ्यांना आणि हमालांच्या संघटनांना एकत्र बसून ते विचारणे अजून शक्य आहे. एका प्रभागाच्या सभेपासूनही त्याला आरंभ होऊ शकेल.