मालगुडीचा पत्ता

बदलीचा हुकूम घेऊन बंगळुरास आलेल्या मराठी माणसास पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट हमखास ऐकावयास मिळते. मालगुडी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून मल्लेश्वरम् व बसवनगुडी या येथील दोन वस्त्यांच्या नावांची जोडणी होय, ही ती गोष्ट. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेल्या शंकर नागांची ‘मालगुडी डेज’ ही मालिका १९८६ साली दूरदर्शनवर आली, आणि हे गाव खरे कोठे, हे कोडे घरोघर पोहोचले. बंगळूरकरांनी त्याचे उत्तर आपल्या दारातच शोधून ठेविले आहे.

उत्तर मोहक आहे. आम्हां मराठी मंडळींस तर ते विशेषच भावते. कारण ज्या काडु मल्लेश्वरावरून मल्लेश्वरम् हे नाव पडले, त्या देवळास १६६९ साली गाव इनाम दिल्याचा लेख शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांचा आहे. बसवनगुडीतील गुडी मात्र आपली गुढी नव्हे. कानडीत गुडी म्हणजे देऊळ, आणि हे देऊळ नंदीचे. दोन्ही वस्त्यांची आखणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. १८९८ च्या प्लेगनंतर त्या भरभराटीस आल्या. आर. के. नारायण यांनी १९३० मध्ये पहिली कादंबरी हाती घेतली तेव्हा दोन्ही नावे प्रचारात होती, तेव्हा काळाचा आक्षेप येथे टिकत नाही.

परंतु लेखकाची साक्ष निराळी आहे. १९७४ च्या आत्मचरित्रात नारायण सांगतात की, आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी वही घेऊन बसले असता एक लहानसे रेल्वे स्थानक नावासकट मनापुढे उभे राहिले. नावांची मोडतोड केल्याचा तेथे उल्लेख नाही. मनाने ती नकळत केली असेल, असे या तर्काचे कैवारी म्हणतात. अशा युक्तिवादास उत्तर नसते, हेच त्याचे बळ.

आमचा आक्षेप दफ्तरी स्वरूपाचा आहे. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या १९३५ च्या कादंबरीत १५ ऑगस्ट १९३० रोजी सरयूच्या काठी निषेधसभा भरते आणि पुढे पोलिसांचा लाठीमार होतो. हा कारभार इंग्रज सरकारचा. बंगळूर शहर तेव्हा म्हैसूरच्या महाराजांचे. इंग्रजांकडे होती ती केवळ छावणी. मालगुडीत महाराजांचा अंमल कोठेच जाणवत नाही. शिवाय सरयू कोठून आणावयाची? बसवनगुडीतून उगम पावणारी वृषभावती आहे खरी, पण तिची आजची दशा पाहता तिच्या काठी सभा भरविण्याचे धाडस कोणी करणार नाही.

अन्य दावेदारही आहेत. तिरुचिरापल्लीजवळचे लालगुडी एका अक्षराच्या अंतरावर उभे आहे. जेम्स फेनेली या अमेरिकी अभ्यासकाने तर कथांतील रस्ते जुळवून गावाचा नकाशाच काढला. नारायण स्वतः म्हणत राहिले की, गाव काल्पनिक आहे.

तथापि ‘गाइड’ चित्रपटाच्या वेळी हा अलिप्तपणा त्यांच्याने राखवला नाही. चित्रपटवाल्यांस त्यांनी म्हैसूरच्या आसपासचा मुलूख हिंडवून नदीचे घाट नि देवळे दाखविली होती. पण १९६५ साली पडद्यावर आले ते उदयपूर, जयपूर. त्यावर त्यांनी एक उपरोधिक लेख लिहिला. गाव जर कोठेच नाही, तर ते राजस्थानात हलविल्याचे दुःख का व्हावे? आमच्या मते साऱ्या तर्कांहून हा लेख अधिक बोलका आहे. मालगुडीस पत्ता नसेल, पण माती होती, आणि ती म्हैसूरकडची होती.

शंकर नागांनी या मातीपासून फार दूर न जाता शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे येथे चित्रीकरण केले. त्यामुळे आता आगुंबे म्हणजेच मालगुडी, असेही सांगणारे भेटतात. मालिकेत मालगुडीचे स्थानक म्हणून दिसलेल्या अरसाळू येथील जुन्या इमारतीत २०२० मध्ये रेल्वेने मालगुडी संग्रहालय थाटले. नारायणांस प्रथम दिसले ते स्थानकच होते. सबब या एका दावेदाराशी आम्ही वाद घालीत नाही.