कोळ्याचे नेत्र आणि वर्गीकरणाचा इतिहास

प्राण्याचे भेद ठरविताना मनुष्य त्याचे कोणते लक्षण प्रमाण मानतो, ह्या प्रश्नाचा विचार कोळ्याच्या उदाहरणावरून करता येतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे सोळा प्रकार सांगितले असून त्यांची विभागणी विषाच्या साध्यासाध्यतेवर आधारलेली आहे. अमरकोशातील तंतुवाय व ऊर्णनाभ ही नावे तंतूवरून पडली. मराठीत मासे धरणारा आणि भिंतीवर जाळे विणणारा ह्या दोघांसही 'कोळी' हा एकच शब्द आहे. दोन्ही अर्थांत जाळे समान आहे. वेल्हे भागातील पासली येथे काय किंवा मुंबईस काय, मराठी भाषकास प्रथम दिसते ते जाळे. डोळ्यांची दखल ह्यांपैकी एकाही नावात नाही.

नेत्रांच्या संख्येस व मांडणीस वर्गीकरणात महत्त्वाचे स्थान मिळाले ते युरोपात. वाल्कनेर ह्याचा १८०५ सालचा ग्रंथ ह्या दृष्टीने उल्लेखनीय होय. बहुतेक कोळ्यांस आठ साधे डोळे असतात, काही कुलांत सहाच. लांडगा-कोळ्यांत पुढे चार लहान, त्यामागे दोन मोठे व शेवटी दोन अशी रचना आढळते. उड्या मारणाऱ्या कोळ्यांत पुढील मधली जोडी सर्वांत मोठी असते. ही दोन्ही कुले जाळे लावून न बसता दृष्टीच्या आधारे भक्ष्य पकडतात. उलट चक्राकार जाळे विणणाऱ्यांचे डोळे लहान असतात. त्यांस भक्ष्याची वार्ता तंतूच्या कंपनाने कळते. म्हणजे जाळ्यावरून पडलेले नाव ज्यांस नीट लागू पडत नाही, नेमके त्यांचेच डोळे मोठे आहेत.

भारतातील कोळ्यांचे पहिले व्यापक संकलन पोकॉक ह्यांनी १९०० साली लंडनहून प्रसिद्ध केले. पुढे १९५९ साली पुण्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र स्थापन झाले, आणि टिकादर ह्यांचा महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरील लेख १९६३ साली पुणे विद्यापीठाच्याच नियतकालिकात आला.

तथापि नेत्र हे सर्वस्वी निर्णायक लक्षण नव्हे. हवाई बेटांतील एका गुहेतील, १९७३ साली वर्णन केलेला कोळी पूर्ण नेत्रहीन असूनही लांडगा-कोळ्यांच्याच कुलातील आहे. जातिनिश्चय प्रामुख्याने जननेंद्रियांच्या रचनेवरून होतो. म्हणून सह्याद्रीतील स्थानिक नावे संकलित करणाऱ्याने नावाबरोबर प्राण्याचा नमुनाही राखावा; एरवी तो शब्द नेमका कशाचा वाचक होता, हे पुढील पिढीस कळणार नाही.