लाखेचे नाव, जपानचे भांडे

अचलपुराहून उत्तरेस निघाले की लवकरच मेळघाटाचे डोंगर लागतात. त्या रानातला पळस फाल्गुनात फुलतो, तेव्हा तो कोणाच्याही नजरेत भरतो. परंतु पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर पोसणाऱ्या एका क्षुद्र किड्याने साऱ्या जगाला एक शब्द दिला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. संस्कृतातील ‘लाक्षा’ आपल्याकडे लाख झाली. तीच अरबी-फारसीच्या वाटेने पोर्तुगीजांच्या तोंडी ‘लाका’ बनली. इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानात पोहोचले. तेथील काळी, आरशासारखी चकाकणारी तबके व पेट्या पुढे युरोपात गेल्या, तेव्हा युरोपने त्यांस आपल्या लाखेचेच नाव दिले : ‘लॅकर’.

नाव एक झाले, तरी पदार्थ मात्र निराळे. जपानी ‘उरुशी’ हा झाडाचा चीक होय. एका झाडास हंगामभर चिरा दिल्या, तरी पावशेराच्या आतच चीक मिळतो. आपली लाख उष्णतेने वितळते. कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरितो आणि घर्षणाच्या उबेनेच रंग चढतो. उरुशी दमट हवेत हळूहळू घट्ट होते आणि एकदा घट्ट झाली की कढत पाण्यासही दाद देत नाही. तिला घट्ट करणाऱ्या द्रव्याचा शोध १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने लावला.

या एका भेदाने दोन देशांतील घरे निराळी घडविली. जपानात उरुशीच्या वाडग्यातून रोज गरम सार पितात. आपल्या स्वयंपाकघरात तांब्या-पितळेचे राज्य. लाख बांगड्यांवर आणि लेकरांच्या खेळण्यांवर राहिली.

या कलेचे मराठी माहेर सावंतवाडी होय. तेथील चिताऱ्यांनी लाकडी खेळण्यांसह दशावतारी गंजिफा रंगविल्या. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, अशी १२० वाटोळी पाने. चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवून पान सिद्ध करावयाचे आणि त्यावर रंग व लाख चढवावयाची. छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा माजघरातून उठली. स्वातंत्र्यानंतर शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध जाणकार पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना उभा केला. म्हणून ती वाचली.

जपानातही या कलेवर संकटे आली. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात व त्यानंतर लागलेल्या आगीत वाजिमा या उरुशीच्या प्रसिद्ध गावाची दुर्दशा झाली. कित्येक कारागिरांची घरे व कारखाने गेले. तरी तेथील वाडगा झिजला की पुन्हा लेप देऊन वापरण्याची रीत आहे, आणि त्या निमित्ताने गिऱ्हाईक कारागिराकडे परत येते. आपल्याकडे गंजिफा चौकटीत बसवून भिंतीस टांगणारे आज भेटतात, खेळणारे विरळा. टांगलेले पान झिजत नाही, म्हणून दुसऱ्या पानाची मागणीही होत नाही. सावंतवाडीच्या चिताऱ्यास आपल्या कौतुकापेक्षा त्या खेळाचा एखादा डाव अधिक उपयोगी पडेल.